पाहून झालेलं

ज्या काळी लोक वायफायचा पासवर्ड पाहुण्यांसाठी भिंतीवर चिकटवून ठेवत, त्या काळी हेरंब मुळगुंदांच्या कपाटात एक सर्व्हर राहत होता. नव्या मालिका आल्या की उतरवून हार्ड डिस्कवर रचायच्या, हे त्याचं काम. जागा संपली की पाहून झालेलं पुसायचं आणि न पाहिलेलं ठेवायचं, हा नियम हेरंबरावांनीच घालून दिला होता. नियम असला की विचार करावा लागत नाही, म्हणून सर्व्हर खूश होता.

एका शुक्रवारी डिस्क गच्च भरली आणि एका कोरियन मालिकेचा चौथा सीझन दारात येऊन उभा राहिला.

"तीनशे मालिकांपैकी एखादी काढ की," टीव्ही म्हणाला. "मला त्यातली एकही कुणी लावायला सांगितलेली नाही."

"म्हणूनच त्या ठेवायच्या. पाहायच्या राहिल्यात." सर्व्हरने यादी चाळली. "हा तीन मिनिटांचा व्हिडिओ मात्र दोनशेदा पाहून झालाय. कुणी म्हातारा सायकलचं पंक्चर काढत मुलाला रागावतोय."

"अरे, ते हेरंबरावांचे वडील," डिस्क कळवळली. "ते गेले आता. हा व्हिडिओ माझ्याशिवाय कुठेच नाही."

"बाई, नियमात वडिलांचा उल्लेख नाही," सर्व्हर म्हणाला आणि त्याने तो पुसला.

रविवारी हेरंबराव नेहमीसारखे चहा घेऊन टीव्हीसमोर बसले. त्यांनी व्हिडिओ शोधला, पुन्हा शोधला. पडद्यावर सर्व्हरचा निरोप झळकला: "जागा मोकळी केली आहे. तुमच्या तीनशे मालिका सुरक्षित आहेत."

त्या आजही सुरक्षित आहेत. एकही कुणी लावलेली नाही.