धार गिळणारं चाक

एका राज्यात अरिमर्दन नावाचा राजा होता. अरि म्हणजे शत्रू, मर्दन म्हणजे चिरडणं. पण राजानं उभ्या जन्मात चिरडला होता तो एक मुंगळा, तोही चुकून, बसताना. छंद मात्र तलवारीचा. दसऱ्याला पुजायची पत्र्याची तलवार कमरेला लावून तो सज्जात उभा राही आणि म्हणे, "हिच्याहून धारदार पातं पृथ्वीवर नको." दरबारी माना डोलावत. दरबाऱ्यांच्या माना त्या, झोपेतही डोलतात.

त्याच राज्यात केरोजी शिकलगार आणि त्याची बायको ठमाई राहत. विळ्या, सुऱ्या, वस्तरे यांना धार लावणं हा त्यांचा धंदा, आणि त्यासाठी एक यंत्र. मागे पुरुषभर उंचीचं लाकडी चाक, पुढे दगडाची गोल चकती, दोघांना जोडणारा चामड्याचा पट्टा. चाक फिरलं की चकती गरगर फिरे. केरोजी तिला पातं लावी. ठिणग्या उडत, बाया "अगंबाई" करून मागे सरत, आणि गावभर नाव होई केरोजीच्या हाताचं. चाक फिरवी ठमाई. घामानं निथळे तीच, पण चाकामागे कोण बघतो?

पातं घासून झालं की त्याच्या कडेला बारीक लव राहते, नखाला टोचते. ती काढायला चकती उलटी फिरावी लागे. मग ठमाई पट्टा उतरवी, त्याची एक बाजू पालथी करी आणि मधोमध फुली पडेल असा परत चढवी. चाक सुलटंच फिरे, चकती मात्र उलटी. लव जाई. केरोजीला वीस वर्षांत याचा पत्ता नव्हता. तो समजे, लव आपल्या हाताच्या गुणानं जाते. ठमाईही काही बोलत नसे. नवऱ्याला एखादा गुण असू द्यावा.

एके सकाळी नगरात ओरड झाली. विळीवर पडवळ चिरेना. अडकित्त्यात सुपारी फुटेना. न्हाव्यांचे वस्तरे गालावरून नुसते घसरू लागले. महिन्याभरात दाढ्या एवढ्या वाढल्या की बायका भलत्याच पुरुषाला "अहो" म्हणू लागल्या, आणि ते पुरुष "ओ" देऊ लागले. बाभळीचे काटे मऊ झाले, मांजरांच्या नख्या बोथटल्या. डासांच्या सोंडाही वाकल्या, पण डासांचं दुःख कुणी केलं नाही.

केरोजीनं धार लावावी आणि ती दाराबाहेर पडताच जावी. धारदार राहिली ती फक्त राजाची तलवार. तिच्यावर माशीची सावली पडली, तरी सावलीचे दोन तुकडे होत.

लोकांनी केरोजीला धरून दरबारात नेलं. मुदपाकखान्याची मुख्य बाई म्हणाली, "महाराज, धार यानंच लावली, यानंच काढली. पुन्हा लावायला मिळावी म्हणून!"

केरोजी म्हणाला, "महाराज, माझ्या हाताला गुण आहे, लबाडी नाही."

राजानं आपली छातीपर्यंत आलेली दाढी बाजूला सारून निवाडा दिला. "तीन दिवसांत धार परत आली नाही, तर तिसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर येताच याची मान आमच्या तलवारीनं उडवावी. राज्यात दुसरं काही कापतही नाही."

ठमाई पुढे झाली. "धार मी शोधून आणते, महाराज."

"तू कोण?"

"चाक फिरवणारी."

दरबार हसला. दाढ्यांतून हसला, म्हणून फारसं ऐकू आलं नाही.

केरोजी तिच्या कानाशी म्हणाला, "ठमे, जपून जा. आणि काही उमगलं नाही तर मला विचारायला ये."

"येईन हो," ठमाई म्हणाली आणि ताकात भिजवलेल्या चार भाकऱ्या व हातात काठी घेऊन निघाली.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तिला सागाच्या झाडावर एक सुतारपक्षी दिसला. तो खोडावर चोच मारी, आणि आवाज येई पच्, पच्, पच्.

"पाखरा, असं का?"

"चोचीला धार नाही, बाई. दीड महिना भाड्याच्या ढोलीत राहतो. स्वतः सुतार असून! लाज वाटते."

"धार गेली कुठे?"

"त्या काळ्या डोंगराकडे. रोज सकाळी बघतो. चंदेरी केसांसारख्या धारा आभाळातून उडत जातात. तिथे कर्कोट मांत्रिकाची गुहा आहे. त्याचं एक चाक आहे, ते साऱ्या राज्याची धार ओढतं आणि एका तलवारीवर चढवतं. आत तीन राखणदार आहेत. दाराशी पाती, अंगणात वाघ, चाकाला नाग. आणि शाप असा, की ते चाक जो हातानं मागे फिरवील तो दगड होईल."

"पाखरा, तू भला."

"भला नाही, बाई. बेघर आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी ठमाई गुहेपाशी आली. दाराला शंभर पाती, वरखाली सपासप चाललेली. एखाद्या वीराचे शंभर तुकडे व्हावेत असा थाट. ठमाईनं काठी घातली. काठी शाबूत. मग ती डोकं खाली घालून केळीच्या बागेतून जावं तशी आत गेली. कर्कोटाच्या चाकानं साऱ्या राज्याची धार ओढली होती, त्यात त्याच्याच दाराचीही ओढली होती. मांत्रिकांचं असंच असतं. मंत्र पाठ, डोकं कोरं.

अंगणात वाघ. "थांब, बाई. तुला खातो," तो म्हणाला आणि तिच्या दंडाला तोंड लावलं. बराच वेळ चावला. शेवटी दंड ओला झाला, एवढंच.

"राहू द्या, वाघोबा," ठमाई म्हणाली आणि ताकातल्या भाकऱ्या पुढे केल्या. वाघानं चारही चाटूनपुसून खाल्ल्या. डोळे भरून आले त्याचे.

"उपकार झाले. पण सांगून ठेवतो, दात परत आले की तुला खावं लागेल. वाघाचा धर्म आहे. राग नसावा."

"राग कसला! पण आधी दात नेणारा, मग दात आणणारी. वाघाच्या धर्मात क्रम असतो ना?"

वाघानं विचार केला. "असतो."

"मग क्रम मोडू नका."

"वाघाचा शब्द."

गुहेच्या पोटात ते चाक फिरत होतं. हुबेहूब ठमाईच्या घरच्यासारखं, पण ताडाएवढं. पुढे चकती, चकतीखाली एक आरसा, आणि आरशात राजाची तलवार. मोठ्या चाकावरून चकतीवर पट्टा होता तो जिवंत नागाचा. नागानं आपलीच शेपूट तोंडात धरली होती आणि गरगर फिरत होता. बाजूला तीन राजपुत्र दगड होऊन उभे. एकाचा हात अजून मिशीवर.

उंच आसनावर बसून कर्कोट भजी खात होता. म्हणाला, "ये. तूही फिरव उलटं, म्हणजे चार होतील. कोपरा रिकामाच आहे."

"हे कशासाठी, महाराज?" ठमाईनं विचारलं.

"राज्यात एकच पातं उरलं की ते ज्याच्या हाती, तो राजा. आज दुपारी त्या मूर्खानं एक मान उडवली, की तलवार नुसत्या मंत्रानं माझ्या हाती येईल."

छताच्या भोकातून ऊन येत होतं. ते ठमाईच्या पायापासून वीतभरावर आलं होतं. सूर्य डोक्यावर येऊ लागला.

तिनं नागाला विचारलं, "नागोबा, किती दिवस झाले फिरताय?"

"डीड भहिना," नाग तोंडातल्या शेपटीसकट म्हणाला. "शेफूट शोडली तर डात कायभचे जातील, अशं हा भ्हणतो."

"सोडू नका. तशीच धरून ठेवा. जरा अंग सैल करा आणि मी पालथं करीन तिकडे वळा."

काठी उचलली आणि ठमाईचा हात थांबला. आता धार परतणार. मग वाघाला दात, दाराला धार, नागाला विष टोचायला सुळे. आत येताना जी वाट केळीच्या बागेसारखी होती, तीच बाहेर जाताना खाटकाचं दुकान होणार. मग तिला केरोजी आठवला. 'उमगलं नाही तर विचारायला ये' म्हणणारा. एवढा भोळा माणूस मान गेल्यावर वर जाऊन कुणाकुणाला पत्ता विचारील!

तिनं काठीनं नागाला चकतीवरून उतरवला.

"पट्टा झटकतेस होय?" कर्कोट म्हणाला. "झटक, झटक. धूळ फार झालीय." त्यानं ते चाक मंत्रानं आणलं होतं, हातानं कधी फिरवलं नव्हतं.

ठमाईनं नागाची एक बाजू पालथी केली, मधोमध फुली पाडली आणि पट्टा चढवला. चाक सुलटंच फिरत राहिलं. कुणाच्या हातानं ते मागे फिरवलं नाही, म्हणून शापाला धरायला कुणी सापडेना. चकती मात्र उलटी सुटली. आरशातून चंदेरी धारांचा झोत उसळला आणि छताच्या भोकातून चहूदिशांना उडाला. शापाचा तडाखा चाकालाच बसला. चाकाचे बारा तुकडे झाले. तिन्ही राजपुत्र जिवंत झाले आणि तिघांनी एकदम विचारलं, "कुणी केलं? मी का?"

नागानं शेपूट सोडली, दात जिभेनं मोजले आणि म्हणाला, "छान." मग तो बिळात गेला, कारण त्याला आता सरळ रेषेत पडून राहायचं होतं.

अंगणातून डरकाळी आली. वाघ आत आला, ठमाईकडे पाहिलं, कर्कोटाकडे पाहिलं.

"क्रम," ठमाई म्हणाली.

"क्रम," वाघ म्हणाला.

भज्यांची परात टाकून कर्कोट पळाला. वाघ ठमाईला म्हणाला, "पाठीवर बस, बाई. मागे राहिलीस तर तुझ्यासाठी पुन्हा यावं लागेल." पुढे कर्कोट, मागे वाघ, वाघावर ठमाई, त्यामागे वाट न कळलेले तीन राजपुत्र. दाराशी शंभर पाती लखलखत होती. कर्कोटानं जिवाच्या भीतीनं थांबायचा मंत्र ओरडला, पाती थांबली, आणि सगळी वरात बाहेर पडली. वाटेत सागावरून टक् टक् टक् असा आवाज येत होता. स्वच्छ, कोरडा. मागे वाघ असला की अडीच दिवसांची वाट घटकाभराची होते.

नगरात पोचले तेव्हा वधाच्या ओट्यावर जल्लाद नव्हे, सैनिक नव्हे, खुद्द राजा तलवार चालवत होता आणि केरोजी खदखदा हसत होता. उसनी धार गेली, उरला दसऱ्याचा पत्रा. तो मानेवर पापडासारखा वळत होता.

"पुरे, महाराज, गुदगुल्या होतात!" केरोजी म्हणाला. मग बायको दिसली. "ठमे! बघितलंस, माझी मानसुद्धा हाताच्या गुणाची आहे!"

कर्कोट धापा टाकत राजाच्या मागे लपला. "अभय द्या! काहीही काम करीन!"

राजानं अभय देऊन टाकलं. ठमाईला उतरवून वाघ वेशीबाहेर जाऊन बसला. "वाट बघतो," म्हणाला. "घाई नाही."

राजानं सगळी हकिकत ऐकली, तोवर न्हाव्यानं त्याची दाढी उतरवली. खाली हनुवटी एवढीशी निघाली, तेव्हा तो जरा नम्रही झाला. "बाई, जे चाक तीन राजपुत्रांना मागे फिरवता आलं नाही, ते तू कसं फिरवलंस?"

"चाक मी फिरवलंच नाही, महाराज. पट्ट्याची एक बाजू पालथी केली. रोजच करते."

"रोज? मग ही विद्या आजवर सांगितली का नाहीस?"

"चाकामागे येऊन कुणी विचारलं?"

केरोजीनं डोकं खाजवलं. बराच वेळ खाजवलं. मग म्हणाला, "ठमे, म्हणजे ती लव..."

"हो."

"वीस वर्षं?"

"एकवीस."

तेव्हापासून पातं धरते ठमाई, ठिणग्या उडतात ठमाईच्या हातून, आणि केरोजी शेजारी बसून गिऱ्हाइकांना सांगतो, "हिच्या हाताला गुण आहे." चाक फिरवतो कर्कोट. ठमाई त्याला रोज दूधभात घालते, थंडीत घोंगडी देते, शिंकला तरी काढा पाजते. लोक म्हणतात, केवढं मोठं मन!

वेशीबाहेर वाघ बसलेला असतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी कर्कोट, मग ठमाई.

ठमाईला मिळो शंभर वर्षांचं आयुष्य, कर्कोटाला एकशे एक. आणि तुमच्या घरच्या विळीला अशी धार येवो, की पडवळाचे तिला पाहूनच दोन तुकडे व्हावेत.