कोंडाजीचा तुंबा

फार वर्षं झाली. किती, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. डोंगराच्या कुशीत आंबेघोळ नावाची वाडी होती. तिथं कोंडाजी कडू भोपळे वाळवून पाण्याचे तुंबे करायचा.

त्याच वाडीत चिमाबाईच्या घरी सून आली. लग्नात तिचं नाव सगुणा ठेवलं. पोर कामाला चांगली, पण हाक मारली की ढिम्म. सहा महिने असेच गेले.

"एवढा ताठा माझ्या घरात नको," चिमाबाई म्हणाली. "उद्या हिला माहेरी सोडून या. कायमची."

कोंडाजी तेव्हा तुंबा द्यायला आला होता. सून बोलणाऱ्यांच्या ओठांकडे बघत होती, ते त्यानं पाहिलं.

"ताठा नाही, वहिनी. तिला ऐकू येत नाही. उद्यापर्यंत थांबा."

रिकाम्या तुंब्याला कान लावला की बारीक आवाजही मोठा होतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तुंब्याचा तळ कापला. निमुळतं टोक मेण लावून सुनेच्या कानात बसेल असं केलं.

सकाळी चिमाबाईनं तुंब्यात अशी हाळी दिली की सून दचकून मागं सरली.

"रानातला गडी बोलावताय का?" कोंडाजी म्हणाला. "बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तसं सांगा."

चिमाबाई हळूच म्हणाली, "सगुणा."

"सगुणा कोण?" सुनेनं विचारलं.

चिमाबाई पुन्हा तुंब्याशी वाकली. "तूच गं बाई."

"मला कुणी सांगितलंच नाही."

चिमाबाईला हसू आलं, आणि डोळेही भरले. माहेरी जायचं गाठोडं तिनं स्वतःच्या हातानं सोडलं.

मग लांबलांबून माणसं येऊ लागली. कोंडाजी कुणाकडून काही घ्यायचा नाही. एवढंच सांगायचा, की या तुंब्याच्या बिया कुंपणाला लावा, आणि वेलाला येईल तो पहिला तुंबा दुसऱ्या कुणाच्या कानासाठी कोरून द्या. असे ते वेल सात डोंगर ओलांडून गेले, असं म्हणतात. कोंडाजी वारला त्या दिवशी वारा नव्हता, तरी कुंपणाकुंपणावरचे तुंबे गुणगुणत होते, असंही म्हणतात.

आंबेघोळात अजून आत्या तुंब्यातून नाव सांगते. सगळे बाळाकडे बघत राहतात. बाळानं डोळे हलवले की घुगऱ्या वाटतात. नाही हलवले तरी वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बाळाला तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. तिथं आता कानाचं यंत्र मिळतं. निघताना आत्या आईच्या पिशवीत मूठभर बिया टाकते.

त्या दवाखान्याच्या कुंपणावर आता तुंबेच तुंबे लोंबतात.