दोन जावा आणि देवीचं शेवाळ

फार वर्षांमागे, ढगांनासुद्धा हुडहुडी भरावी अशा उंच डोंगरावरच्या गावात दोन जावा राहत होत्या. गावामागच्या दलदलीत मखमलीसारखं एक शेवाळ उगवायचं. पूर्वी पुष्कळ होतं. आता तळहाताएवढे दोनच ठिपके उरले होते. बाया त्याला देवीचं आसन मानत. दर श्रावणात एकेका ठिपक्याची सेवा एकेकीकडे असे. त्या वर्षी ती या दोघींकडे आली.

थोरली रोज पहाटे त्यावर पडलेली पानं वेची, झऱ्याचं ओंजळभर पाणी शिंपडी आणि हात जोडून परते. धाकटीला वाटलं, एवढ्याने देवी कशी पावेल? तिने दूध ओतलं, हळदकुंकू वाहिलं.

थोरली म्हणाली, "अगं, त्याला थंड पाण्याशिवाय काही सोसत नाही."

"हो का, जाऊबाई? म्हणजे तुमचंच तेवढं हिरवं राहावं!"

आठ दिवसांत धाकटीचं शेवाळ काळं पडलं. सासूबाई हसल्या, "भाकरी करपवतेस ते ठाऊक होतं, शेवाळही करपवलंस होय गं!"

धाकटीच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी थोरलीच्या अगोदरच दलदलीत जाऊन तिने थोरलीचं शेवाळ खुरप्याने खरवडून आणलं आणि चुलीशेजारच्या देव्हाऱ्यात ताटात मांडलं. "आता बघू, देवी कोणाची!"

दुपारपर्यंत धगीने ते वाळून भुगा होऊ लागलं. पाणी घातलं, नवस बोलली, उपयोग होईना. आता साऱ्या डोंगरावर ते कुठेच उरलं नव्हतं. धाकटीला रडू कोसळलं. तोच थोरली दारात आली.

"जाऊबाई, मीच नेलं. मारा हवं तर मला."

थोरलीचा हात उचललाही गेला; पण ती म्हणाली, "मारून ते हिरवं होणार आहे का? आण ते ताट."

भुग्याच्या मधोमध नखाएवढा हिरवा तुकडा सापडला.

"चल, तुझ्या हाताने लाव."

"माझ्या? मीच तर उपटलं!"

"म्हणूनच. त्याला काय सोसत नाही, ते आता तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

गार चिखलात बसून धाकटीने ते लावलं. तीन वर्षं ती रोज जात राहिली. शेवाळ जेमतेम दोन बोटं पसरलं. एकदा तिच्यासोबत आलेली गावातली एक नवी सून म्हणाली, "एवढंसंच? कोणाच्या सेवेतलं गं हे?"

"जाऊबाईंनी वाचवलेलं," धाकटी म्हणाली. "ये, बैस. आधी हात गार पाण्यात बुडव."

तात्पर्य: बायांनो, सेवेत चढाओढ शिरली की देवही दुरावतो आणि माणूसही. दुसरीचं हिरवं उपटून आपल्या घरी रुजत नाही. चूक कबूल केली, तर मात्र नखाएवढ्यातूनही पुन्हा फुटतं.