टिकलीचा घास

एक होती टिकली. लाल लाल, गोल गोल, एवढुश्शी! छोट्या बकुळच्या रक्तात राहायची. डोक्यावर हवेची पाटी. पायाला हवा दे, हाताला हवा दे, दिवसभर धावपळ.

एकदा काय झालं? टिकलीच्या मैत्रिणी कमी झाल्या. जुन्या गेल्या, नव्या येईनात! एकटी टिकली किती पाट्या वाहणार? बकुळ पडली फिक्की. घसरगुंडीची दुसरी पायरी, की लागली धाप. हुश्श!

टिकलीला आलं रडू. मग डोळे पुसले आणि निघाली, डुबुक डुबुक.

हाडाच्या मऊ गाभ्यात राहते मूळपेशीमावशी. लाल टिकल्या घडवते तीच.

"मावशी, मावशी, मैत्रिणी घडव! बकुळ घसरगुंडी चढेना!"

"घडवीन गं. पण लोह कुठंय? जा, काकांकडून आण."

टिकली निघाली, डुबुक डुबुक. भेटले यकृतकाका, लोहाचा डबा सांभाळणारे.

"काका, काका, लोह द्या! मावशी मैत्रिणी घडवीना, बकुळ घसरगुंडी चढेना!"

"देईन गं. पण डबा रिकामा, खडखड! जा, मामाला सांग."

टिकली निघाली, डुबुक डुबुक. भेटला आतडेमामा, लांबच लांब, वेटोळे घालून बसलेला.

"मामा, मामा, लोह पाठव! काका लोह देईनात, मावशी मैत्रिणी घडवीना, बकुळ घसरगुंडी चढेना!"

"पाठवीन गं. पण घास कुठंय? जा, बकुळला विचार."

टिकली निघाली, डुबुक डुबुक. थेट बकुळच्या कानाच्या पाळीत!

बघते तर काय? आई भरवतेय अळिवाचा लाडू. "हा घास चिऊचा." बकुळनं दिला चिऊला. "हा घास काऊचा." दिला काऊला. "हा घास मनीचा." मनीमाऊ मारतेय मिटक्या! चिऊ टुम्म, काऊ टुम्म, मनी टुम्म. बकुळ मात्र उपाशी. वेडाबाई कुठली!

टिकली ओरडली, "बकुळ, बकुळ, घास खा! मामा लोह पाठवीना, काका लोह देईनात, मावशी मैत्रिणी घडवीना, बकुळ घसरगुंडी चढेना! सगळ्यांना घास, मग तुझ्या आतल्या टिकलीचा कुठंय?"

"अगं बाई!" बकुळ म्हणाली. "आई, टिकलीचा घास दे."

"कोण गं टिकली?"

"माझ्या आत राहते!"

आई हसली. "मग तो तुझ्याच तोंडात. हा घास टिकलीचा."

आऽऽऽ... गट्टम!

बकुळनं घास खाल्ला. मामानं लोह पाठवलं. काकांनी लोह दिलं. मावशीनं मैत्रिणी घडवल्या. लगेच नाही हं, रोज थोड्या, रोज थोड्या. टिकलीभोवती टिकल्याच टिकल्या!

बकुळ घसरगुंडी चढली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, पार वर! सुर्रर्र!

आता चिऊ, काऊ, मनी रांगेत मागे. पहिला घास कुणाचा?

टिकलीचा!