चित्रातून गाळलेलं घर

नदीकाठच्या एका गावात विसाजी नावाचा चितारी राहत होता. हात असा गुणी की त्याने चित्रात आंबा काढला तर बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. डोंगर, नद्या, माळरानं, देवराया, हेच त्याचे विषय. माणसं मात्र तो चुकूनही काढत नसे. "माणसं फार हलतात," तो म्हणायचा, "आणि चित्र झालं की माझं नाक असं का काढलंस म्हणून भांडायला येतात. डोंगर कधी भांडायला आलाय का?"

सगळं ठीक होतं, पण विसाजीला एक खोड होती. डोळ्याला रुचणार नाही ते तो चित्रातून खुशाल गाळायचा. काठीवर वाळत घातलेली धुणी दिसली, गाळली. लोहाराची काळीकुट्ट भट्टी दिसली, गाळली. तांदळातले खडे निवडावेत तसा तो देखावा निवडायचा. आणि लोक तरी काय, वाहवाच करायचे! मग खोड जाणार कशी?

एकदा राजवाड्यातून निरोप आला. महाराजांनी नवा दिवाणखाना बांधला होता आणि त्याची मोठी भिंत रिकामी होती. महाराज म्हणाले होते, "विसाजी, आपल्या राज्यातला सगळ्यात सुंदर देखावा काढून आण. मनात भरला तर सोन्याचं कडं तुझ्या हातात घालीन आणि तुला दरबारचा चितारी करीन."

झालं! विसाजीचे पाय जमिनीला टेकेनात. सुंदर देखावा शोधायला त्याला लांब जावंच लागलं नाही. त्याच्याच गावाबाहेर नदी मस्त वळण घेत होती, पलीकडे आमराई, तिच्यामागे देवळाचा कळस आणि सगळ्यांच्या मागे डोंगर. पहाटेच्या धुक्यात तो डोंगर निळाशार दिसायचा.

पण बरोबर मधोमध, नदीच्या वळणावर, मंजुळाक्का कुंभारणीचं घर होतं. घर कसलं, कुडाची झोपडीच. शेजारी मडकी भाजायचा आवा, त्याचा धूर, राखेचा ढीग, फुटक्या खापऱ्यांचा दुसरा ढीग, आणि त्या ढिगांवर आरामात उभी असलेली दोन गाढवं.

विसाजी समोरच्या चिंचेखाली बसून रोज पहाटे चित्र काढू लागला. मंजुळाक्का म्हातारी झाली होती, पण जिभेची धार तशीच. रोज त्याला गरम भाकरी आणून द्यायची, रंग कालवायला माठभर पाणी आणायची. "काढ बाबा काढ," म्हणायची. "आमच्या गावाचं नाव होऊ दे राजवाड्यात."

विसाजी तिची भाकरी खायचा, तिच्या पाण्यात रंग कालवायचा आणि तिच्या घराच्या जागी कमळांचं तळं काढायचा. राजाच्या भिंतीवर राखेचा ढीग कसा शोभेल, हो?

चित्र राजवाड्यात गेलं. महाराज त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "ही जागा मला स्वतः बघायचीय. पुढच्या पौर्णिमेला पाहुण्यांना घेऊन तिथं जाऊ. चितारीलाही तिथंच बोलवा, कडं त्याला तिथंच देऊ."

ही व्यवस्था कारभाऱ्याकडे सोपवली. आता हा कारभारी माणूस होता चोख, पण त्याचा सगळा जन्म वाड्याच्या चार भिंतींत गेलेला. पौर्णिमेच्या आठ दिवस आधी तो गावात दाखल झाला, तोही चित्र बरोबर घेऊन. दोन माणसांनी ते बांबूवर टांगून धरलं. कारभारी एकदा चित्राकडे बघे, एकदा समोर बघे. शेवटी त्याने कपाळाला हात लावला.

"अरे, हा देखावा चुकलाय!"

"देखावा कसा चुकेल, सरकार?" गावकरी म्हणाले.

"चित्रात डोंगर निळा आहे. हा तर हिरवा! महाराज आले आणि डोंगर हिरवा निघाला, तर माझी नोकरी राहील का?"

भर दुपारी आलेल्या माणसाला पहाटेचं धुकं कोण समजावणार? विसाजी शेजारीच उभा होता. समजावायचं त्यानेच, पण त्याला हसू आवरत नव्हतं. कारभाऱ्याने वीस गडी गोळा केले, प्रत्येकाच्या हातात निळीची बादली दिली आणि सगळ्यांना डोंगरावर पाठवलं.

गडी धापा टाकत माथ्यावर पोहोचले. बघतात तर हा डोंगर हिरवाच, पण पुढचा छान निळा! "अरे, आपण चुकीच्या डोंगरावर आलो," म्हणत ते पुढच्यावर गेले. तोही हिरवा निघाला आणि त्याच्या पुढचा निळा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले, कोपरापर्यंत निळे होऊन.

"झाला का डोंगर निळा?" कारभाऱ्याने विचारलं.

"नाही सरकार. तो पुढं पुढं पळतोय."

अख्खा गाव पोट धरून हसला. विसाजी तर चिंचेच्या बुंध्याला धरूनच हसत होता. पण कारभाऱ्याला कुठलं हसू? त्याने चित्र पुन्हा डोळ्यांजवळ घेतलं, नदीच्या वळणावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "डोंगर राहू दे. पण इथं कमळांचं तळं आहे, आणि समोर ही झोपडी. उद्या सकाळी झोपडी पाडा, आवा फोडा आणि तळं खणायला घ्या."

सगळ्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

मंजुळाक्का आव्याजवळून धावतच आली. "सरकार, ह्या आव्यात बारा गावांची संक्रांतीची सुगडं लावलीत! आवा फोडलात तर बायका वाण कशात देतील? आणि ह्या वयात मी जाऊ कुठं?"

"दुसरीकडे जागा बघा. चित्रात तुमचं घर नाही."

"नाही कसं? माझ्या सासूच्या सासूनं बांधलंय ते!"

कारभारी विसाजीकडे वळला. "चितारी, तू सांग. तू चित्र काढलंस तेव्हा हे घर इथं होतं की नव्हतं?"

आता आली का पंचाईत! होतं म्हणावं, तर राजाला खोटं चित्र दिल्याचं उघड होणार. कडं जाणार, दरबार जाणार, वर शिक्षा काय होईल ते वेगळंच. नव्हतं म्हणावं, तर म्हातारी समोर उभी. विसाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"मला... नीटसं आठवत नाही," तो पुटपुटला.

मंजुळाक्का दोन पावलं पुढे आली. "आठवत नाही? माझ्या घरच्या भाकरी खाल्ल्यास, माझ्या माठातलं पाणी रंगात कालवलंस, आणि त्याच पाण्यानं मला पुसून टाकलंस होय रे?"

एवढंच बोलून ती आव्याकडे गेली आणि कच्ची-पक्की जशी होती तशी सुगडं बाहेर काढू लागली. कुणाशी भांडली नाही. ती भांडली असती तर विसाजीला बरं वाटलं असतं. घरी गेल्यावर त्याला घास गिळवेना. बायकोने वाढलेली भाकरी त्याने हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. लाज वाटत होती त्याला, साधीसुधी नाही, अंगभर लाज.

सकाळ झाली. खणणारे कुदळी घेऊन जमले, पण पहिला घाव घालायला कुणाचा हात उठेना. कारभारी ओरडला, "बघत काय बसलात? घाला कुदळ!"

"थांबा!" विसाजी धावत आला. "कारभारीसाहेब, आधी ते चित्र खाली घ्या. त्यात एक काढायचं राहिलंय."

घाईत तो रंग आणायलाच विसरला होता. पण कुंभारणीच्या दारात रंगांना काय तोटा! मडकी रंगवायचा गेरू त्याने घेतला, आव्यातला कोळसा घेतला, ढिगातली मूठभर राख घेतली आणि कारभारी "अरे, अरे!" म्हणेपर्यंत कमळांच्या तळ्यावर सरळ बोटं फिरवली. तळं बुजलं. त्यावर कुडाची झोपडी उभी राहिली. गेरूचा आवा झाला, कोळशाने गाढवं झाली, राखेचा धूर वर चढत चढत थेट देवळाच्या कळसाशी गेला.

"महाराजांचं चित्र नासवलंस!" कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"नासवलं होतं ते आधी. घर इथंच होतं, साहेब. मीच गाळलं होतं. महाराजांना मी स्वतः सांगेन. पण आता चित्रात घर आहे. तुम्ही घर पाडलंत तर देखावा चुकेल, बघा."

कारभाऱ्याने एकदा चित्र बघितलं, एकदा घर बघितलं. जुळत होतं. चोख माणूस तो, जुळल्यावर करणार काय? "कुदळी खाली," तो म्हणाला.

पौर्णिमेला महाराज आले. विसाजी पुढे झाला, हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. तळं खोटं होतं, घर खरं होतं, कड्याच्या मोहापायी ते गाळलं, आणि त्यापायी एक म्हातारी बेघर होणार होती. नावडतं ते गाळायची जुनी खोडसुद्धा लपवली नाही.

महाराजांनी चित्र बघितलं. धुरावरून नजर खाली आणली, आव्यापर्यंत, गाढवांपर्यंत. मग ते हसायलाच लागले.

"विसाजी, मी इथं कशासाठी आलो, ठाऊक आहे? तुझं चित्र पहिल्यांदा भिंतीवर लागलं आणि माझ्या लेकीने विचारलं, 'बाबा, इतकी सुंदर जागा आहे, मग इथली माणसं सोडून का गेली?' मला उत्तर देता आलं नाही. इथं काय संकट आलं ते बघायला मी आलो. संकट तर तूच निघालास!"

विसाजीची मान खाली गेली.

"कडं आज मिळणार नाही," महाराज म्हणाले. "आजवरच्या चित्रांतून ज्यांना ज्यांना गाळलंस, त्यांना आधी परत काढ. घरोघर जा, चित्रं उतरवून घे, एकेकाला जागेवर बसव. ते काम संपलं की ये माझ्याकडे."

"येतो, महाराज," विसाजी म्हणाला. गंमत बघा, कडं गेलं तरी कितीतरी दिवसांनी त्याला सपाटून भूक लागली होती.

एवढ्यात मंजुळाक्का पाहुण्यांमधून वाट काढत चित्राजवळ आली. डोळे बारीक करून तिने घर बघितलं, आवा बघितला, दोन्ही गाढवं मोजली, आणि कमरेवर हात ठेवून विसाजीकडे वळली.

"घर काढलंस, धूर काढलास, गाढवंसुद्धा काढलीस. आणि मी रे? मी कुठंय?"

महाराजांसकट सगळे विसाजीकडे बघू लागले. जन्मात माणूस न काढलेला विसाजी मुकाट्याने चिंचेखाली बसला, आणि मंजुळाक्का मडकी घडवायच्या चाकावर जाऊन बसली.

"नाक मात्र नीट काढ हं," ती म्हणाली.

तात्पर्य: ज्या जागेत कुणी राबतं, तिचं चित्र त्या माणसाला गाळून काढू नये, कारण कागदावर पुसलेलं घर जमिनीवरून पुसायला कुणीतरी कुदळ घेऊन येतंच.