उघड्या विटांची खोली

“म्हणजे माझ्या भिंतींवर घोंगड्या टांगायच्या, बुवा?”

शार्दूलच्या आवाजाला धार होती.

“हा काय मेंढवाडा आहे?”

“मेंढरांचं बरं असतं,” दाराबाहेरच्या पायरीवरून रेवती म्हणाली. “त्यांना ताना घ्यायच्या नसतात.”

गंगाधरबुवा भिंतीला टेकून बसले होते.

कलाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी दोघांनी मिळून एक काम करायचं ठरलं होतं. वास्तुकलेच्या शार्दूलने खोली बांधायची, बुवांची शिष्या रेवती हिने त्या खोलीत गायचं. दोघं जीव तोडून राबली. तो आराखड्यांवर वाकलेला, ती घरी रियाजात. बांधकाम चालू असताना ती एकदाही तिथे गायली नाही, आणि तिचा रियाज ऐकायला तो एकदाही गेला नाही. आज सकाळी गाणं पहिल्यांदा खोलीत आलं, तेव्हा छताच्या घुमटाने एका तानेत दुसरी अशी कालवली, की राग कोणता तेही कळेना.

संध्याकाळी लोक यायचे होते. आणि रेवतीने, आवाज शोषायला भिंतींवर घोंगड्या टांगल्याशिवाय आपण गाणार नाही, असं सांगून टाकलं होतं.

ती गायली नाही तर ही नुसती विटांची कोठी ठरणार होती. शार्दूलला ते कळत होतं. म्हणूनच त्याचा आवाज चढत होता.

“बुवा, तिला तुम्हीच सांगा. सावकाश गा म्हणावं. माझी भिंत आता हलायची नाही.”

“काय म्हणालास?”

“माझी भिंत...”

“ऐकू येत नाही.”

शार्दूल ओरडून बोलला. घुमटाने त्याचे शब्द उचलले आणि एकमेकांवर आदळले. त्याचं त्यालाही काही समजलं नाही.

पायरीवर रेवती हसली.

बुवा उठले. कोपऱ्यातला तानपुरा त्यांनी उचलला. तो त्यांच्या पत्नीचा होता. त्या गेल्यावर बुवांनी रेवतीला दिलेला. तो त्यांनी शार्दूलच्या मांडीवर ठेवला.

“छेड.”

“मला येत नाही.”

“छेड.”

शार्दूलने रागारागाने बोटं फिरवली. चारी तारा एकदम बोलल्या. खोलीत गढूळ गोंगाट भरला. त्याने पुन्हा छेडलं, अधिक जोरात.

अधिकच गढूळ.

बुवा डोळे मिटून बसले होते. बरोबर की चूक, काही सांगत नव्हते.

शार्दूलचं बोट पुन्हा तारेवर गेलं... आणि तिथेच राहिलं. मघाचा नाद घुमटात चढला होता. आता तो विटांवरून खाली येत होता... येत होता... ती गोलाई त्याने स्वतःच्या हाताने काढली होती. तिच्यावरून कोणी असं उतरेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

नाद विरला. मग त्याने एकच तार छेडली. थांबला. मग दुसरी.

रेवतीने पायरीवर चपला काढल्या आणि ती आत आली.

खोलीच्या मधोमध तिच्यासाठी दगडी चौथरा बांधलेला होता. शार्दूलने चौथऱ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“कुठे बसशील?”

कोणी तिला हे आजवर विचारलंच नव्हतं. तिने हलका षड्ज लावला, चार पावलं सरकली, पुन्हा लावला.

“इथे. भिंतीजवळ. आणि समोर एक घोंगडी चालेल?”

“दोन लाव.”

“एक पुरे. बाकी मी बघते.”

बाहेर लोकांची चाहूल लागली. कोणी तरी दाराशी खाकरलं. शार्दूल अर्धवट उठला.

“बुवा, सुरू करायचं ना?”

बुवांनी डोळे न उघडता हात वर केला. हात तसाच राहिला...

“थांब. आधीचा सूर अजून खोलीतून गेला नाही.”