मडावीबाईंची शंका

एका मेडिकल कॉलेजात डॉक्टर होणाऱ्या पोरांच्या प्रशिक्षणाला प्रमुख नेमायचा होता. आजवरचे सगळे प्रमुख डीनसाहेबांच्याच गोतावळ्यातले. भिंतीवरच्या फोटोंत चष्मे तेवढे निराळे. यंदा अर्ज आला डॉ. मैना मडावींचा, गोंड आदिवासीच्या लेकीचा.

निवड समितीसमोर डीनसाहेब मिशीत हसले. "बाई, तुम्ही हुशार आहात हो. पण एका वळणाची माणसं असली की कारभार नीट चालतो. बाहेरचं कुणी शिरलं की बिघाड झालाच."

मैनाबाईंना कळलं, आज आपण गप्प बसलो तर हे दार कायमचं बंद. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे सर. एकच शंका. शरीरात एकाच जातीच्या पेशी वाढत सुटल्या, दुसऱ्या कुणाला जागाच ठेवीनात, तर पोरांना निदान काय सांगू?"

कुणी शंका विचारली की डीनसाहेबांना दरडावल्याशिवाय बोलताच येत नसे. ते गरजले, "कॅन्सर! एवढंही ठाऊक नाही?"

"ठाऊक होतं सर. पण निदान मोठ्या डॉक्टरनं केलेलं बरं."

समितीचे अध्यक्ष आधी खोकले, मग टेबल बडवून हसले. बाईंची नेमणूक तिथल्या तिथं झाली. डीनसाहेब मात्र अजून सांगत फिरतात, "उत्तर माझंच बरोबर होतं!"